पहाऱ्यावरचा हिरो

रुखमाबाई : रामकृष्णहरी, रामकृष्णहरी... अरे बोल ना गोकुळ! नाम मी म्हनून राह्यली ना? तू फक्त वीणेची तार छेडत राय. तोंड मोकळं हाय तुहं, बोल.

गोकुळ : काय बोलू आत्या? आता बोलण्यासारखं राह्यलं काय?

रुखमाबाई : श्रद्धा सकाळी बॅग भरता भरता मले निरोप देऊन गेली, मी तुले सांगतला. त्याच्यावर तुहं उत्तर काय, इतकंच इचारलं. भागवत नाही इचारलं तुले. रामकृष्णहरी.

गोकुळ : काय म्हणली ते पुन्हा सांग.

रुखमाबाई : अजून एक डाव? घे आयक. "आत्या, शुटिंगचे इतके दिवस तुमच्या घरी राहिले, माहेरी राहिल्यासारखं वाटलं. आज दुपारच्या गाडीनं नांदुऱ्यावरून बुलढाण्याला जाते. परवापासून शाळेत शिकवायला जायचंय. विहंगनं मला लग्नाचं विचारलंय. आज फाट्यावर शेवटचा शॉट झाला की त्याला उत्तर द्यायचंय. गोकुळला सांगा, त्याच्या मनात काही असेल तर गाडी सुटायच्या आत येऊन बोल म्हणावं. नसेल तर मी विहंगला हो म्हणते, तोही चांगला आहे. चार वर्षं वाट पाहिली, आता पुरे." असं म्हनली अन् पाया पडून गेली.

गोकुळ : रडत होती का?

रुखमाबाई : रडत नव्हती. चिडली व्हती. रडन्याच्या पुढची पायरी असते ते.

गोकुळ : मंग मी काय करू? गळ्यात वीणा हाय. माहा पहारा कव्हाच संपला. कचरूभाऊ यायले पायजे होता वीणा घ्यायले.

रुखमाबाई : कचरू कुठचा येते! त्याले तुह्या दोस्तानं, विहंगनं, खाकी कपडे घालून कंडक्टर केलं ना पिक्चरमंदी. सकाळपासून बायकोले म्हनून राह्यला, मागं सरका, मागं सरका.

गोकुळ : अन् तुळशीरामकाका?

रुखमाबाई : प्रवासी.

गोकुळ : भजनी मंडळातलं कोणी?

रुखमाबाई : सारेच प्रवासी. टाळकरी प्रवासी, मृदंगवाला प्रवासी. चोपदार तं म्हने खिडकीपाशीच बसीन, चेहरा दिसला पायजे. सप्त्याचा पाचवा दिवस, अन् देवळात उरलं कोन? तू, मी अन् पांडुरंग. रामकृष्णहरी.

गोकुळ : तू धर ना आत्या, जराशी. पळत जातो अन् पळत येतो.

रुखमाबाई : माह्या गुडघ्याचं आपरेशन काय तू इसरला? वीणा उभं राहून धरा लागते. ह्या खुर्चीवर बसून घेतली, हातातून सटकली, जमिनीले टेकली, मंग? आजलोक आपल्या गावचा सप्ता खंडला नाही. तुह्या बापानं अंगात ताप असतानी धरली व्हती, अन् मी खंडवू?

गोकुळ : मंग झालं तं. देवानंच अडवलं समज. त्याच्याच मनात नाही.

रुखमाबाई : देवाच्या नावावर नोको ढकलू. वीणा तुले आज अडवून राह्यली. चार वर्षं काय अडवत व्हतं?

गोकुळ : विहंगनं आधी सांगतलं होतं ना मले! बुलढाण्याले कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसलो होतो. "गोक्या, मला श्रद्धा आवडते रे." माह्या तोंडातला समोसा तोंडातच राह्यला. मलेही त्याच दिवशी त्याले तेच सांगायचं होतं. पण तो आधी बोलला.

रुखमाबाई : आधी बोलला म्हनजे? पोरगी का एस्टीतली जागा हाय, रुमाल टाकला की झाली?

गोकुळ : तसं नाही आत्या. बाबा दवाखान्यात होते तं त्यानं त्याईच्या उशाशी बसून जागरणं काढली. सख्ख्या भावानं नसती काढली. त्याच्या ताटातला घास मी कसा उचलू?

रुखमाबाई : पह्यले एस्टीची जागा, आता घास! अरे, मांगच्या साली काल्याच्या कीर्तनात महाराजांनं काय सांगतलं? तू पुढंच टाळ घेऊन उभा व्हता, ध्यान कुठी व्हतं कोन जाने. एक मानूस शेजाऱ्याची गाय सोडून घेऊन गेला अन् देवळाले दान करून आला. घरी येऊन पुण्याची वाट पाहत बसला. संध्याकाळी पुण्य नाही आलं, शेजारी आला काठी घेऊन. महाराज म्हनले, बाबा, त्याग करा, पन आपल्या मालकीच्या वस्तूचा करा. श्रद्धा तुह्या मालकीची व्हती का, परस्पर देऊन मोकळा झाला ते?

गोकुळ : नव्हती.

रुखमाबाई : तिले इचारलं का कोनी? तू नाही इचारलं, त्यानं इचारलं. म्हनून त्याले उत्तर भेटून राह्यलं. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. पाह्य, आलाच तुहा दोस्त. नाव काढलं अन् फटफटी वाजली.

विहंग : गोक्या! अरे काय चाललंय काय तुझं? सगळं युनिट फाट्यावर उन्हात उभं आहे!

रुखमाबाई : बूट!

विहंग : सॉरी आत्या. काढले. गोक्या, चल, बस मागे. एस्टीचा ड्रायव्हर म्हणतोय, चहा संपला की मी गाडी काढणार, नांदुऱ्याला वेळेवर पोचायचंय. आपल्यासाठी थांबलाय बिचारा.

गोकुळ : मले नाही येता येत.

विहंग : का?

गोकुळ : गळ्यात काय हाय दिसत नाही का बे?

विहंग : ठेव ना मग बाजूला! एवढासा तर शॉट आहे.

रुखमाबाई : जीभ चाव! जीभ चाव आधी! सप्त्याची वीणा कोनी खाली ठेवते? सात दिवस अन् सात राती ह्या गळ्यातून त्या गळ्यात. ते टेकत नाही अन् नाम तुटत नाही. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. आता तुटलं असतं तुह्यापायी.

विहंग : चुकलो. मग दुसऱ्या कोणाला तरी द्या.

रुखमाबाई : कोनाले देऊ? आन बरं एखादा.

गोकुळ : सगळे तर तू घेऊन गेला. माह्यामागं कचरूभाऊचा पहारा होता.

विहंग : कचरूभाऊंचा आत्ता क्लोजअप आहे.

गोकुळ : त्याईच्या मागं तुळशीरामकाका.

विहंग : ते तिसऱ्या सीटवर. अरे देवा! मला कोणी काही बोललंच नाही. मी म्हटलं, बसमध्ये गर्दी पाहिजे. सगळे हो म्हणाले.

रुखमाबाई : पिक्चरमंदी घेतो म्हनल्यावर नाही कोन म्हनते? ज्याले त्याले वाटलं, देवळात दुसरा असन.

विहंग : बरं, मी जाऊन कचरूभाऊंना घेऊन येतो.

गोकुळ : तू जाशीन, त्याले आणशीन, तो हातपाय धुईन, मंग मी निघीन. तवरलोक गाडी नांदुऱ्याले. तू माह्याशिवाय घे शॉट. नुसतं बाजूले उभं राहून हात तं हालवायचा होता मले.

विहंग : तुझा हात हलवायचा शॉट मी कापला.

गोकुळ : कापला? मंग मी कशाले पायजे?

विहंग : थर्माकोल धरायला.

गोकुळ : थर्माकोल कोणीही धरन बे! उन्हाचा उजेड तिच्या तोंडावर टाकायचा, त्याले काय शिक्षण लागते?

विहंग : तेच तर कळत नाही! मघाशी कॅमेरामन शेखरच्या भावाला दिलं धरायला. उजेड बरोबर पडला. पण श्रद्धाच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. टेकवर टेक घेतले, बाई मडक्यासारखी बसून आहे. शेखर कॅमेऱ्यातून डोकं काढून म्हणाला, गोकुळला आण, त्याशिवाय हिचा चेहरा लागत नाही. म्हणून मी स्वतः आलो.

रुखमाबाई : हिरोले कामाले धाडलं म्हना की. तूच हिरो ना?

विहंग : हिरो मी, डायरेक्टर मी, लेखक मी. दुसऱ्या हिरोला द्यायला पैसे कुठे होते आत्या? आणि खरं सांगू, ही अडचण आजची नाही. सगळं फुटेज काल बघितलं. पूर्ण पिक्चरभर श्रद्धाची नजर चुकलीय.

रुखमाबाई : नजर चुकते म्हनजे?

विहंग : असं बघा. हिरो मी. ती मला म्हणते, "तुझ्याशिवाय मला करमत नाही." वाक्य चोख. आवाज असा, की अंगावर काटा येतो. पण डोळे माझ्यावर नाहीत. माझ्या कानाच्या मागे कुठेतरी. विहिरीचा सीन घ्या, जत्रेतला पाळण्याचा सीन घ्या, कापसाच्या गाडीवरचा घ्या. प्रत्येक वेळी कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला बघते. मला वाटलं उजेडामुळे होत असेल. पण थर्माकोलच्या उजेडानं माणूस डोळे मिटतो. ही उघडून बघते!

रुखमाबाई : कॅमेऱ्याच्या डाव्या हाताले काय असते?

विहंग : थर्माकोल.

रुखमाबाई : अन् थर्माकोल कोन धरते?

विहंग : हा. नेहमी गोकुळच धरतो.

रुखमाबाई : रामकृष्णहरी.

विहंग : काय झालं?

रुखमाबाई : काही नाही. नाम घेतलं.

गोकुळ : विहंग, तू जाय बे. गाडी जाईन निघून. मी इथी राह्यतो. जाय अन् घे तिचं उत्तर, जसं ठरलं होतं तसं.

विहंग : थांब. गोकुळ आजारी होता तेव्हाचे दोन सीन आहेत. त्यात ती बरोबर माझ्याकडे बघते. सरळ डोळ्यांत. पण दगडासारखी. आत्या, तुम्ही मघाशी रामकृष्णहरी असं का म्हणालात?

रुखमाबाई : सप्ता हाय बाप्पा. म्हना लागते.

विहंग : नाही, ते वेगळं होतं. गोक्या, तुला माहीत होतं?

गोकुळ : काय?

विहंग : ती कुठे बघते ते.

गोकुळ : थर्माकोल तोंडापुढं असते. मले काय दिसणार?

विहंग : थर्माकोल छातीशी धरतात. मीच शिकवलंय तुला.

गोकुळ : एखाद्या वेळी दिसलं असन.

विहंग : आणि तू काय केलंस?

गोकुळ : मी खाली पाहे. साऱ्या पिक्चरभर मुंग्या मोजल्या बे मी.

विहंग : म्हणजे तुलाही? कधीपासून?

गोकुळ : तू आधी बोलला होता ना.

विहंग : कॅन्टीनमध्ये? अरे मी चटणी मागता मागता बोललो होतो! कायदा केला होता का मी?

गोकुळ : माह्यासाठी कायदाच होता तो.

विहंग : वा! म्हणजे मी चार वर्षं स्वतःला शहाणा समजून फिरतोय. आपल्या तिघांवर मी पिक्चर काढलं. एक मुलगी, दोन मित्र, त्यातला एक मोठ्या मनानं बाजूला होतो. लोक सुरुवातीला हसतील, शेवटी डोळे पुसतील, असा हिशोब. तो मोठ्या मनाचा मित्र तुझ्यावरून लिहिला. आणि मला वाटत होतं, काय कल्पना सुचली मला! तू स्क्रिप्ट वाचलंस तेव्हा तोंड शिवलं होतं का तुझं?

गोकुळ : बोललो होतो ना. तो मित्र थोडा येडा वाटते, म्हणलो होतो.

विहंग : मी त्यावर हसलो होतो.

गोकुळ : हाव. मीही हसलो होतो.

रुखमाबाई : दोघंही हसले अन् ते एकटी राह्यली वाट पाहत. शाबास.

विहंग : ती वाट बघत होती हे तुम्हाला कोणी सांगितलं आत्या?

गोकुळ : आत्या, नको.

रुखमाबाई : नको काय? नाम घेता घेता खोटं बोलू का? आयक विहंग. तिनं सकाळी निरोप ठेवला. गोकुळच्या मनात असन तं गाडी सुटायच्या आत यावं अन् बोलावं. नाही आला तं तुले होकार देते. तू चांगला हाय असंही म्हनली. मनापासून म्हनली.

विहंग : म्हणजे मी आत्ता फाट्यावर गेलो, बसमागे धावलो, कॅमेऱ्यासमोर पुन्हा विचारलं, तर ती हो म्हणणार.

रुखमाबाई : हाव. म्हनन.

विहंग : मला हेच पाहिजे होतं. खरं उत्तर कॅमेऱ्यात घ्यायचं, असं ठरवलं होतं मी. शेखरलाही सांगून ठेवलंय. पिक्चरचा शेवट आणि माझं लग्न, दोन्ही एका शॉटमध्ये. पण आत्या, हो म्हणताना ती कुठे बघेल?

रुखमाबाई : ते मी कशी सांगू? मशीनमंदी तूच पाह्यतं.

गोकुळ : हॉर्न वाजला. ड्रायव्हरचा चहा झाला वाटते. विहंग, जाय ना बे! तुह्या घरी सगळ्यायले मालूम हाय. तुह्या आईनं तं साडीही पाहून ठेवली म्हणते. तुहं पिक्चर, तुहं सगळं अडकलं हाय तिथी. मी हाय तसा बरा हाय.

विहंग : आत्या, वीणा धरायला काय यावं लागतं? भजन? ताल?

रुखमाबाई : उभं राहता यावं लागते.

विहंग : मला अभंग एक पूर्ण पाठ नाही. आणि काल संग्रामपूरच्या ढाब्यावर मी अंडाबुर्जी खाल्लीय.

रुखमाबाई : काल खाल्ली ना? काल ते काल. तिकडं नळ हाय, हातपाय धू. गंध लाव. कमरेचा पट्टा काढ, चामड्याचा हाय.

विहंग : पट्टा काढला तर पॅन्ट राहणार नाही आत्या. शुटिंगमध्ये बारीक झालोय.

रुखमाबाई : हे उपरनं घे, गच्च आवळून बांध. देवापुढं लाज राखनं देवाचं काम, तू गाठ पक्की मार.

गोकुळ : मी नाही देत वीणा. ऐकू येते का? मी नाही देत.

विहंग : का नाही देत?

गोकुळ : तुले त्रास होईन.

विहंग : होईल. आत्ताच होतोय. म्हणून काय तिनं जन्मभर माझ्या कानामागे बघायचं? तू मोठं मन दाखवलंस तेव्हा मला विचारलं होतंस का? निदान आता मला तरी दाखवू दे.

रुखमाबाई : अरे, कोनी मोठं मन नोका दाखवू! निरा मोठ्या मनाच्या मानसांनंच घोळ केला सारा. तिनं कोन पायजे ते कव्हाच ठरवलं. तुमी फक्त वाटेतून बाजूले व्हा. विहंग, ये इकडं. आधी वीणेले हात जोड. मंग एकमेकायच्या पाया पडा. लहान मोठा पाहायचा नाही. वीणा देनाराही वाकते अन् घेनाराही वाकते.

(दोघं एकाच वेळी वाकतात. वीणा गोकुळच्या गळ्यातून विहंगच्या गळ्यात जाते. त्याची बोटं चाचपडतात, पण तार थांबत नाही. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा वीणा हलकी आहे. गळाभेट रीतीपेक्षा जरा लांबते.)

गोकुळ : विहंग...

विहंग : बोलू नकोस. तिकडे जाऊन बोल. ही घे किल्ली. दुसऱ्या गिअरला अडकते, क्लच दाबून धर.

गोकुळ : काय बोलू बे तिले? मले सुचून नाही राह्यलं काही.

विहंग : मी लिहिलेलं काही बोलू नकोस. त्यावर ती पन्नास वेळा माझ्याकडे न बघता बोललीय.

रुखमाबाई : पह्यले तिचं नाव घे. नाव घेतलं की पुढचं आपोआप येते. पळ आता. चपला राहू दे, पळ!

विहंग : गेला.

रुखमाबाई : गेला. तू म्हन. रामकृष्णहरी.

विहंग : रामकृष्णहरी. आत्या, माझ्या वरच्या खिशातून फोन काढा. शेखरला लावा. माझे दोन्ही हात गुंतलेत.

रुखमाबाई : थांब, खुर्ची सरकवते. हा हिरवा दाबू ना? हॅलो. कोन, शेखर का? मी रुखमाबाई बोलते, देवळातून. डायरेक्टर पहाऱ्यावर हाय. हाव, पहाऱ्यावर. वीणा हाय गळ्यात. पेला-बिला नाही तो, चांगला शुद्धीत हाय.

विहंग : त्याला सांगा, ड्रायव्हरला आणखी एक चहा पाज. भजी पण सांग. गोकुळ पोचेपर्यंत गाडी हलता कामा नये.

रुखमाबाई : ड्रायव्हरले भजे खाऊ घाल. गोकुळ येऊन राह्यला. हाव, फटफटीवर. शेखर इचारते, कॅमेरा लावून ठेवू का? चेहरा चांगला भेटन म्हनते.

विहंग : नको.

रुखमाबाई : नको म्हनते.

विहंग : सांगा, कॅमेरा बंद कर. झाकण लाव. कोणी मोबाइल पण काढायचा नाही. गाडी सुटेपर्यंत सगळ्यांनी बसमध्ये बसून समोर बघायचं.

रुखमाबाई : कॅमेरा बंद कर म्हनते. अन् चोपदाराले सांग, खिडकीतून वाकू नोको. शेखर इचारते, मंग क्लायमॅक्स?

विहंग : होतोय म्हणावं. आपल्याला दिसणार नाही, एवढंच.

रुखमाबाई : आयकलं ना? ठेवते मी. रामकृष्णहरी. विहंग, पुटपुटू नोको, मोठ्यानं म्हन. देव बहिरा नाही, पन तुले ऐकू आलं पायजे.

विहंग : रामकृष्णहरी. आत्या, छातीत दुखल्यासारखं होतंय.

रुखमाबाई : वीणा जवळ धर. भोपळा छातीले टेकव. तार छेडली की आत कंप जाते. गेला का?

विहंग : गेला.

रुखमाबाई : माहे मालक गेले त्या साली मीही पहारा घेतला व्हता. तव्हा गुडघे चांगले व्हते. कोनी म्हने, बाई, इतक्यात कशी उभी राहशीन. पन बसून राह्यली असती तं उठलीच नसती.

विहंग : पहाऱ्यावर रडलं तर चालतं का?

रुखमाबाई : चालते. नाम तुटू नाही, बस. तुह्यानं नाही झालं तं थोडा वेळ मी म्हनते, मंग तू म्हन.

विहंग : तुम्ही म्हणा.

रुखमाबाई : रामकृष्णहरी, रामकृष्णहरी, रामकृष्णहरी... घे आता.

विहंग : रामकृष्णहरी. घरी काय सांगू, तेच सुचत नाही. आई तर...

रुखमाबाई : खरं सांगजो. आईले खरं पचते. तिले फक्त उशिरा सांगतलेलं पचत नाही.

विहंग : आणि पिक्चर? माझा रोल एकदम बारीक झाला आत्या. आता मोठ्या मनाचा मित्र मीच.

रुखमाबाई : मंग लिहिजो चांगला. त्याले येडा नोको दाखवू. अन् पिक्चर संपताखेपी त्याले एकटं उभं नोको करू रस्त्यावर. कोनाची तरी नजर तुह्याकडंही चुकत असन रे. तू कॅमेऱ्यातून पाह्यत व्हता, तुले कशी दिसन?

विहंग : हॉर्न! आत्या, गाडी सुटली. तुम्हाला दिसतंय का काही? मला वळता येत नाही, तोंड देवाकडे ठेवायचं ना?

रुखमाबाई : देवाकडंच ठेव. मी पाह्यते. फाट्यावर धुरळा उठला. गेली गाडी नांदुऱ्याकडं.

विहंग : ती?

रुखमाबाई : इतकं दूरचं नाही दिसत बाप्पा मले. म्हन तू.

विहंग : रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. अजून नाही?

रुखमाबाई : म्हनत राय.

विहंग : रामकृष्णहरी. रामकृष्णहरी. त्याला उशीर झाला असेल का? दुसऱ्या गिअरला अडकली असेल गाडी. मी आधी यायला पाहिजे होतं. आधी समजायला पाहिजे होतं.

रुखमाबाई : थांब, थांब. पऱ्हाटीच्या वावराजवळ कोनी दिसून राह्यलं. फटफटी हाय, पन वाजत नाही. ढकलत येऊन राह्यले.

विहंग : ढकलत? किती जण?

रुखमाबाई : दोघं.

विहंग : नीट बघा आत्या.

रुखमाबाई : दोघंच. तो हँडल धरून ढकलून राह्यला, खाली मान घालून. अन् ते बाजूनं चालून राह्यली, बॅग त्याच्या खांद्यावर. गोकुळच्या पायात चपला नाही, म्हनजे तोच.

विहंग : हसतायत का?

रुखमाबाई : नाही. भांडून राह्यले. ते हात हालवून हालवून बोलून राह्यली. चार वर्षांचं एका दमात काढून राह्यली वाटते. आता तोही बोलला काहीतरी. हाव, बोलला. ते थांबली. आता पुन्हा चालली. मांगून हात लावला तिनं फटफटीले.

विहंग : मग जमलं म्हणायचं.

रुखमाबाई : जमलं. रामकृष्णहरी. आवाज देऊ का त्याले? ऊन हाय, लवकर या म्हनते. गोकुळ आला की वीणा घेईन. थकला असशीन तू.

विहंग : नको आत्या, आवाज नका देऊ. येऊ द्या सावकाश. मी उभा आहे.